बाबांचं नाक

बाबा कामावरून आले की आई त्यांना दारातच थांबवायची. पायपुसण्याच्या जागी तिने जुनं गोणपाट टाकलेलं असायचं. त्यावर उभं राहून त्यांनी बूट काढायचे, निळा बॉयलरसूट उतरवून बाल्कनीतल्या लाल बादलीत टाकायचा आणि कशालाही हात न लावता थेट न्हाणीघरात जायचं. एकदा तो बॉयलरसूट चुकून मशीनमध्ये गेला होता, तेव्हा माझ्या शाळेच्या पांढऱ्या शर्टांना पुढे कितीतरी दिवस डिझेलचा वास येत होता आणि वर्गातल्या मुली माझ्याशेजारी बसताना नाक मुरडत होत्या. तेव्हापासून ती बादली, तिचा साबण, तिचा ब्रश, सगळं वेगळं होतं. बाबा अंघोळ करून, ओले केस मागे फिरवून बाहेर आले की माझ्यापुढे उजवा हात धरायचे. साबण लावूनही बोटांच्या पेरांत वास उरलेला असायचा. मी हुंगायची आणि सांगायची, "घासलेट." "अर्धे मार्क," बाबा म्हणायचे, "नीट बघ." वास घेण्याला ते बघणंच म्हणायचे. मी पुन्हा हुंगायची. "घासलेट, आणि त्याच्याखाली नॅफ्था?" मग ते आईकडे वळून म्हणायचे, "ऐकलंस? पोरगी माझ्यावर गेली." आई आमटीला फोडणी देत म्हणायची, "जाऊ दे. पण त्या टाक्यांवर नको जाऊ दे म्हणजे झालं."

आम्ही आखातात, फुजैराला राहत होतो. पाठीमागे उघडेबोडके तपकिरी डोंगर, समोर समुद्र, आणि मधे पांढऱ्या गोल टाक्यांच्या रांगा. आमच्या तिसऱ्या मजल्यावरून समुद्रात नांगरलेली जहाजं दिसायची. ती तेल घ्यायला, तेल द्यायला, नाहीतर नुसतीच वाट बघत थांबलेली असायची. वारा टाक्यांकडून आला की आई खिडक्या लावून घ्यायची. आता शहरात, अल बर्शाच्या ज्या फ्लॅटमध्ये बसून मी हे लिहिते आहे, तिथे खिडक्या फारशा उघडतच नाहीत. स्वयंपाकाचा गॅस भिंतीतून येतो, आणि माझ्या मुलीला मी गॅसची कळ दोनदा का तपासते ते कळत नाही. "आई, रिलॅक्स, इट हॅज अ सेन्सर," ती म्हणते. मी मान हलवते आणि पुन्हा तपासते. आई गेल्या वर्षी गेली. ती होती तोवर तिने मला यातलं काही लिहू दिलं नसतं.

बाबा रसायनशास्त्राचे पदवीधर होते. शिक्षक व्हायचं होतं, ते राहून गेलं, आणि शिकवायची सगळी हौस त्यांनी माझ्यावर भागवली. हायड्रोकार्बन म्हणजे नुसते कार्बन आणि हायड्रोजन, तिसरं कुणी नाही, हे मला शाळेत शिकवायच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. त्यांचा फळा आणि खडू म्हणजे आमचं घर. सिलिंडरमधला गॅस म्हणजे तीन-चार कार्बनची आखूड साखळी, म्हणून हवेत उडते. साखळी थोडी लांबली की नॅफ्था आणि पेट्रोल, आणखी लांबली की घासलेट, मग डिझेल. त्यापुढे जहाजांच्या इंजिनात जाळतात ते काळं जाड तेल, जे गरम केल्याशिवाय वाहत नाही. अजून लांबली की माझ्या फुटलेल्या ओठांवर लावायचं व्हॅसलिन, दिवे गेले की लावायची मेणबत्ती आणि सगळ्यात तळाला रस्त्याचं डांबर. "एकच घराणं," बाबा म्हणायचे, "कुणी उडाणटप्पू, कुणी बूड न हलवणारं." कार्बनला चार हात, चारही चार वेगळ्या अणूंना धरलेले असले तर संपृक्त, एखाद्या जोडीने दोन-दोन हात धरले तर असंपृक्त, तीन धरले तर शारजाच्या गॅरेजांत लोखंड कापतात तो अ‍ॅसिटिलीन. आणि साखळीने गोल फेर धरला की तो वेगळाच कुळाचार. आईच्या पैठणीत ठेवलेल्या डांबरगोळ्या काढून ते मला हुंगायला लावायचे. "गोल फेरवाल्यांचा वास गोडसर येतो. गोड वासापासून जपायचं." हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि याचा मला आजही राग येतो.

टर्मिनलवर बाबांचं काम दोन प्रकारचं होतं. टाकीच्या बाजूने फिरत वर जाणाऱ्या जिन्याने चढायचं, माथ्यावरचं झाकण उघडायचं, पितळी वजन लावलेली फीत आत सोडून तेल किती आहे ते मोजायचं आणि बाटलीत नमुना घ्यायचा. दुसरं काम धक्क्यावर. एकाच नळातून आधी नॅफ्था आणि मागून घासलेट येत असेल, तर एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते ओळखून नेमक्या क्षणी झडप फिरवायला सांगायचं, नाहीतर सगळी टाकी बाद. त्यासाठी प्रयोगशाळा होती. पण तिथे बाटली पाठवायची म्हणजे उत्तर येईस्तोवर जहाज खोळंबून ठेवायचं. बाबा नळाची छोटी तोटी उघडून बाटलीत चार थेंब घ्यायचे, नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, "आलं." तेवढ्यावर झडप फिरायची. त्यांच्याबरोबर पंपावर काम करणारे इब्राहिमकाका दापोलीकडचे. शुक्रवारी दुपारी ते आमच्याकडे जेवायला यायचे, आईच्या हातचं तिसऱ्यांचं सुकं खायला. ते बाबांना मास्तर म्हणायचे. "भाभी, मास्तरांचा नाक म्हणजे कंपनीचा मीटर आहे बघा. त्याचा विमा काढून ठेवा, इन्शाल्ला गावाला बंगला होईल." आई म्हणायची, "मीटरला निदान सुट्टी तरी देतात का हो?" आणि बाबा लाजून हसायचे. त्यांना ते आवडायचं. टर्मिनलचे मॅनेजर दातारसाहेब पुण्याचे, उंच, गोरे, मृदू बोलणारे. तेही गणपतीत आमच्याकडे यायचे, उकडीचे मोदक मागून घ्यायचे आणि नव्या पाहुण्यांना बाबांची ओळख करून द्यायचे, "हे आमचे सावंत. यांच्या नाकावर माझं पोर्ट चालतं." असं म्हणताना ते बाबांच्या खांद्यावर हात ठेवायचे. आज मला त्या हाताची किळस येते. तेव्हा मला अभिमान वाटायचा.

मी बारावीत होते तेव्हाची गोष्ट. शुक्रवार होता, सकाळ. आई आणि मी मासळीबाजारातून परतत होतो. आई सुरमई महाग मिळाली म्हणून कुरकुरत होती, मी पिशवी सांभाळत होते. दुसऱ्या मजल्यावर आलो तेव्हा तिला आणि मला एकदमच वास आला. मी पिशवी जिन्यातच टाकली आणि दोघी धावलो. दार उघडलं तर घरभर गॅस. स्वयंपाकघरात बाबा टेबलाशी पेपर वाचत बसले होते. मागे शेगडीवर दूध उतू जाऊन ज्योत विझली होती, कळ मात्र चालूच होती, आणि दूध ओघळून पार ओट्याखाली आलं होतं. आमची धावपळ ऐकून बाबांनी मान वर केली. "काय गं, मासे मिळाले नाहीत?" आईने कळ बंद केली, खिडक्या उघडल्या आणि ओट्यावरचा लायटर उचलून बाहेर बाल्कनीत भिरकावला. बाबा उठून उभे राहिले. शेगडीकडे पाहिलं, दुधाकडे पाहिलं. मग त्यांनी खोल श्वास घेतला, पुन्हा एकदा घेतला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, माणसाला कळावं म्हणून तो मुद्दाम घाण वास मिसळतात, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

"सर्दी झाली असेल," ते म्हणाले.

आईने फडताळातून हिंगाची डबी काढली. "डोळे मिटा."

"अगं, काय पोरखेळ—"

"मिटा म्हणते ना."

त्यांनी डोळे मिटले. तिने डबीचं झाकण काढून ती त्यांच्या नाकाखाली धरली. मी दाराशी उभी होते, मला तिथवर हिंगाचा वास येत होता. बाबा बराच वेळ हुंगत राहिले, जसे ते बाटली हुंगायचे तसे, आधी लांबून, मग जवळून. मग म्हणाले, "वेलची." त्यांनी डोळे उघडून डबी पाहिली. आई मागे फिरून मासे आणायला जिन्यात गेली आणि बराच वेळ वर आली नाही.

त्यांना ते काही महिन्यांपासून जाणवत होतं. मधूनमधून वास जायचा, परत यायचा. मग परत यायचं थांबलं. इतकी वर्षं टाक्यांच्या तोंडाशी उभं राहून जे काही छातीत आणि नाकात गेलं होतं त्याने आतलं सगळं जळून गेलं होतं. त्यांनी हे लपवलं, कारण टर्मिनलवर त्यांची किंमत त्या नाकाची होती. नाक गेलं म्हणजे काम गेलं, काम गेलं म्हणजे व्हिसा, आणि व्हिसा गेला म्हणजे माझी बारावी अर्ध्यात टाकून सगळ्यांनी गावी. ते आता दुसऱ्या रीतीने ओळखत होते. थेंब हाताच्या पाठीवर टाकायचा. गार लागून झटकन उडाला तर नॅफ्था. जरा रेंगाळला तर घासलेट. बोटांत तेलकट उरला तर डिझेल. कागदावर टाकून डाग किती वेळ राहतो ते बघायचं. त्यांनी हे मला हौसेने करून दाखवलं, जणू नवा धडाच. "बघ, नाकाशिवायही जमतं. बाटली नाकाशी धरतो फक्त लोकांना दिसावं म्हणून." आई ताट वाढत होती. ती म्हणाली, "आणि वर? टाकीवर?"

बाबांनी कागदाची घडी घातली. आई कशाबद्दल विचारत होती ते मला माहीत होतं. काही कच्च्या तेलांत एक विषारी वायू मिसळलेला असतो. कुजक्या अंड्यासारखा वास येतो त्याला. झाकण उघडल्यावर तो वास आला की माणसाने श्वास रोखून वाऱ्याच्या बाजूला सरकायचं. तो वायू ओळखणारी, छातीला लावायची यंत्रं होती टर्मिनलवर, पण थोडी. ती बाहेरून तपासणीला माणसं आली की कपाटातून निघायची. एरवी सगळे आपापल्या नाकावर विसंबून होते.

"मी वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो," बाबा म्हणाले. "इतकी वर्षं काढली. तुझी परीक्षा होऊ दे मनू, मग बघू. आणि हे या भिंतीबाहेर जायचं नाही."

आईने ते ऐकलं नाही. पुढच्याच आठवड्यात बाबा कामावर असताना ती मला घेऊन दातारसाहेबांच्या व्हिलावर गेली. माझी शाळा बुडवली, हे तिने पूर्वी कधीच केलं नव्हतं. जाताना तिने चकल्या बांधून घेतल्या, रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून. दातारकाकूंनी आम्हाला जाड गालिच्याच्या खोलीत बसवलं. एसी इतका गार होता की मी ओढणी अंगभर घेतली. काकूंनी चहा आणला, चकल्या बशीत मांडून आणल्या आणि स्वतःही बसल्या. आईने आढेवेढे घेतले नाहीत. "साहेब, यांना वास येत नाही. अजिबात नाही. तुम्ही यांना खाली काहीतरी काम द्या. पगार कमी करा, चालेल. पण टाकीवर पाठवू नका."

दातारसाहेब हसले. "वहिनी, अहो सर्दी असेल. सावंतांचं नाक!"

"हिंग नाही कळला त्यांना. गॅसने घर भरलं होतं आणि ते पेपर वाचत होते."

हसू थांबलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. काकूंनी "अगबाई" म्हणून तोंडावर हात घेतला. साहेब थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. आता वाटतं, ते त्या क्षणी जहाजं मोजत असतील. मग अगदी आपुलकीने म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत. मी बघतो. फक्त तुम्ही आला होतात हे त्यांना बोलू नका, मनाला लावून घेतील. मानी माणूस आहे. माझ्यावर सोडा." परत येताना टॅक्सीत आईने माझा हात धरून ठेवला होता. "भला माणूस आहे," ती म्हणाली. "मी उगीच घाबरत होते."

काही दिवसांनी बाबा खुशीत घरी आले. गोणपाटावर उभे राहून बुटांच्या नाड्या सोडता सोडता सांगू लागले, "आज साहेबांनी ऑफिसात बोलावलं. दोन-तीन जण बसले होते. म्हणाले, सावंत, नाक काय म्हणतंय? मी म्हटलं, ठणठणीत आहे सर. हसले, पाठ थोपटली, म्हणाले, दॅट्स माय मॅन." आई ओट्याशी कांदा चिरत होती. तिचा हात थांबला. मला तेव्हा लगेच कळलं नाही. तिला कळलं. साहेबांनी विचारलं होतं, चारचौघांत विचारलं होतं, ज्या प्रश्नाचं एकच उत्तर येणार हे ठाऊक होतं तो प्रश्न विचारला होता, आणि आता त्यांच्याकडे उत्तर होतं.

त्या संध्याकाळी तिने बाबांना सांगून टाकलं की ती साहेबांकडे गेली होती. इतकं मोठ्याने बोलताना मी बाबांना कधी ऐकलं नव्हतं. "माझ्या तोंडाला काळं फासलंस! आता तो मला ठेवतोय तो दया म्हणून ठेवतोय!" आई म्हणाली, "दया असती तर खाली उतरवलं असतं." त्यानंतर दोघांचा अबोला सुरू झाला. एकाच टेबलावर बसून बाबा मला म्हणायचे, "आईला सांग, डब्यात पोळी एक कमी दे." आई मला म्हणायची, "बाबांना सांग, पाण्याची बाटली राहिली." मी मधे बसून सेंद्रिय रसायनशास्त्र वाचत होते आणि निरोप इकडचे तिकडे पोचवत होते. आई डब्यात रोज त्यांच्या आवडीचं काहीतरी घालायची, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. वास येत नसला तर चवही कितीशी लागत असेल, हे मला फार नंतर सुचलं. ते डबा मात्र पुसून रिकामा आणायचे.

अबोला चालू असतानाच ते गेले. दुपारची वेळ होती, वारा पडला होता. इब्राहिमकाका सांगायला आले तेव्हा त्यांच्या अंगावर अजून कामाचेच कपडे होते, आणि ते गोणपाटावर उभे राहिले, आत येईनात. "भाभी, मास्तर वर गेले, झाकण उघडलं, वाकले फीत सोडायला. मी खालून बघत होतो. वास खाली मलापण आला, भाभी, मला आला! मी ओरडलो, मास्तर, यल्ला, मागे व्हा, मागे व्हा! ते तसेच वाकलेले. माझ्याकडे बघून हात केला, काय म्हणतोस म्हणून. मग बसले. असे हळू खाली बसले, दमल्यासारखे." आई दाराची चौकट धरून उभी होती. तिने विचारलं, "काही बोलले?" काकांनी नकारार्थी मान हलवली आणि तिथेच उकिडवे बसून रडू लागले.

दुसऱ्या दिवशी दातारसाहेब आणि काकू भेटायला आले. फुजैरातली सगळी मराठी माणसं आमच्या त्या दोन खोल्यांत दाटीवाटीने बसली होती. कुणी भात आणला होता, कुणी पिठलं, आणि ते कुणी खात नव्हतं. साहेबांचे डोळे लाल होते. ते खोटं रडत होते असं मी म्हणणार नाही. त्यांना वाईट वाटत असेलही, आणि त्याचा मला काही उपयोग नाही. त्यांनी खुर्ची नाकारली, आईसमोर सतरंजीवर मांडी घालून बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी स्वतः विचारलं होतं सावंतांना, साक्षीदार आहेत. ठणठणीत म्हणाले. एका शब्दाने जरी कुणी मला सांगितलं असतं ना वहिनी, तर मी त्याच दिवशी त्यांना खाली घेतलं असतं."

"मी सांगितलं होतं," आई म्हणाली.

साहेबांनी मान खाली घातली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, तुम्ही आत्ता धक्क्यात आहात."

आईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती काकूंकडे वळली. "तुम्ही होतात ना तिथे. चहा तुम्हीच दिलात. हिंगाचं सांगितलं तेव्हा तुम्ही तोंडावर हात घेतलात." मी भिंतीशी बसले होते. मीही होते तिथे, मी तसं म्हणालेही, पण पोरीचं कोण ऐकतं. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवत मला गप्प केलं. सगळे काकूंकडे बघत होते. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"मला काही आठवत नाही हो," त्या म्हणाल्या, आणि पुढे सरकून त्यांनी आईचा हात हातात घेतला.

आईने तो काढून घेतला नाही. बाबा अजून शवागारात होते, आणि त्यांना गावी न्यायच्या कागदांवर दातारसाहेबांची सही व्हायची होती.